उशामागची भिंत

१

अक्का भुकेनं मेल्या, हे शवविच्छेदनाच्या अहवालात इतक्या साध्या शब्दांत लिहिलं होतं की फौजदारानं तो कागद दोनदा उलटून पाहिला. पोटात अन्नाचा कण नाही. अंगावर मार नाही, विष नाही. आणि बाई काही रस्त्यावर मेली नव्हती. चार खोल्यांच्या नीटनेटक्या घरात, धुतलेल्या चादरीवर मेली होती. खोलीच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. दोन्ही वेळचं ताट आत जात होतं आणि रिकामं होऊन बाहेर येत होतं.

अक्का गाणं शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला, मग झटका येऊन पाय गेले. उरले दोन धड हात आणि एक पाटी. हवं-नको ते पाटीवर लिहायच्या, आणि कुणी लवकर पाहिलं नाही की खडू आपटायच्या. घरात धाकटा भाऊ, वहिनी आणि सगळ्यांत लहान बहीण. तिला पन्नाशीतही सगळे धाकटीच म्हणत.

फौजदारानं खोलीला सील लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट आपल्या मावसबहिणीचा कारखाना गाठला.

ही मावसबहीण मोटारींच्या बंपरवरचा रंग मोजायची. तेवीस वर्षं तेच काम. कारखान्यात तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी मायक्रॉनबाई.

"ताई, भिंतीवरचा रंग मोजता येईल?"

"खरवडून कुणीही मोजेल."

"खरवडायचाच नाहीये. पुरावा आहे."

त्यानं सांगितलं. अक्कांच्या पलंगामागे विजेचा एक नवा बोर्ड होता, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी बसवलेला. पण त्याची एका बाजूची कड रंगात बुडाली होती. आणि भाऊ म्हणत होता, घराला रंग लावून चार वर्षं झाली.

मायक्रॉनबाईनं चष्मा पुसला. "हलवता येणारं यंत्र सोळा किलोचं आहे. उचलायला माणूस दे."

ते यंत्र टेराहर्ट्झचं. हा उजेडाचाच एक भाऊबंद, पण डोळ्याला न दिसणारा. रंग, कागद, प्लास्टिक यांच्यातून तो आरपार जातो, पण जिथं एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथं थोडासा मागे परततो. पहिला परतलेला आणि दुसरा परतलेला यांच्यात किती वेळ गेला हे मोजलं की मधल्या थराची जाडी कळते. कशालाही हात न लावता. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन जाड, तर बाई त्याच्या पाचव्या भागापर्यंत बिनधास्त बोलायची.

यंत्राचं तोंड तिनं आधी दाराशेजारच्या भिंतीकडे केलं. दोन थर. घराचा रंग, ठीक. मग पलंग बाजूला सरकवून उशामागच्या कोपऱ्याकडे केलं. पडद्यावर एकामागून एक टोकं उमटायला लागली. तिनं मोजली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोजली.

"काय झालं?" फौजदारानं विचारलं.

"इथं चौदा आहेत," ती म्हणाली. "आणि मधे मधे काहीतरी चमकतंय."

२

चमकत होतं ते शिसपेन्सिलीचं शिसं. रंगातून हा उजेड निघून जातो, पण शिशावरून आरशासारखा परततो. कुणीतरी भिंतीवर ठळक पेन्सिलीनं लिहिलं होतं. मग त्यावर रंग, रंगावर पुन्हा लिखाण, त्यावर पुन्हा रंग. असं बारा वेळा.

ती तीन दिवस तिथं बसून राहिली. अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर यंत्राचं तोंड सरकत होतं, आणि एकेका थराखालचं लिखाण पडद्यावर काजळीच्या डागांसारखं जमत होतं. काही अक्षरं जमली, काही गेली ती गेलीच. सगळ्यांत वरचा थर मात्र पावसाळी हवेत वरून सुकला तरी आतून अजून ओलसर होता. ओल हा उजेड बराचसा पिऊन टाकते; खोलवरचं ठळक लिखाण तरी उमटत होतं, पण लगेच खालचं फिकं लिखाण दिसेना.

पहिल्या संध्याकाळी तिनं फौजदारापुढे कागद ठेवला.

"हे बघ. घराचे दोन थर सोडून दे. वरचे बारा. एक पातळ, एक जाड, एक पातळ, एक जाड. एकदाही क्रम चुकलेला नाही. रंगवणारी माणसं दोन होती."

"कशावरून?"

"जाड थर सगळे साठाच्या आसपास. धडधाकट हात. पातळ थर बघ: चौतीस, तेहेतीस, तीस, सव्वीस, एकवीस, चौदा."

फौजदार त्या आकड्यांकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ही अक्का," तो म्हणाला.

"हो. ब्रश दाबायची ताकद कमी कमी होत गेली. पातळ थराखाली आहे ते तिला आलेलं लिखाण, तिनं वाचून झाकलेलं. जाड थराखाली तिची उत्तरं, दुसऱ्यानं वाचून झाकलेली. शेवटचा जाड थर ओला आहे तो." तिनं दुसरा कागद पुढे केला. "हा सगळ्यांत पहिला निरोप."

अक्षरं शिरोरेषेशिवायची होती, बोडकी, हात ओळखू येऊ नये अशी.

*मी परिचारिका. पाटीवर काही लिहू नका. छतावर कॅमेरा आहे. हा कोपरा त्यात दिसत नाही. वाचलं की रंग लावा. डबा पलंगाखाली.*

फौजदारानं वर पाहिलं. छतावर धुराची सूचना देणारी एक गोल पांढरी डबी होती. तिच्यात एक तांबडा ठिपका लुकलुकत होता.

त्याच्या वरच्या थरात अक्कांचं उत्तर, एकच शब्द: *का?*

आणि दुसरा निरोप: *ताटात विष असतं. थोडं थोडं. खाऊ नका. पिशवीत टाका, मी नेते. उपाशी राहाल, पण वाचाल.*

३

त्याच संध्याकाळी परिचारिकेला तिच्या नव्या नोकरीवरून उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो छापून आला.

मायक्रॉनबाई भिंतीशी बसलेलीच होती. बसून राहणाऱ्या माणसाशी लोक आपण होऊन येऊन बोलतात. त्यातून ती पडली रंग मोजणारी, पोलीस थोडीच!

वहिनी आधी आली, दारातच उभी राहिली. "मी ताट द्यायचे हो. चाटूनपुसून परत यायचं. मला वाटायचं, चला, जेवतायत तरी. परिचारिका गेल्यावर आंघोळ मीच घालायचे, दहा वाजता, अर्धा तास. बरगड्या हाताला लागायच्या. डॉक्टर म्हणाले होते, आजार उलटलाय. मी काय समजणार?" तिनं तोंडात पदर कोंबला आणि निघून गेली.

भाऊ संध्याकाळी आला. वाचनालयात नोकरीला होता, सकाळी आठला घर सोडायचा. "खरं सांगू? मी या खोलीत यायचंच टाळायचो. अक्का पाटीवर लिहायची, 'तुझी चप्पल वाजते'. पुसायची. परत लिहायची, 'तू जा'. आवाज गेला, पण ऐट गेली नाही."

"परिचारिकेला काढलं कुणी?"

"मीच. धाकटी म्हणाली, उगीच परक्या बाईला घरात कशाला वावरू द्यायचं, त्यापेक्षा हवेची गादी आणू, कूस बदलायला नको. गादीच्या पंपासाठीच तर हा बोर्ड बसवला."

धाकटी शेवटी आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिनं डाव्या हातानं चहाचा कप आणला, अजिबात न सांडता, आणि खिडकीत ठेवला.

"पायऱ्यांवरून पडले," ती म्हणाली. "बोर्ड बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून वेणीसुद्धा वहिनी घालते."

"तुम्ही पण गाता का?"

"नाही. मी अक्काची वही धरायचे. विसाव्या वर्षी एकदा गायले होते, लोकांसमोर. अर्ध्यात अक्का उठली, म्हणाली, 'पुरे. हा आवाज घरातच ठेव.'" धाकटी हसली. "बरोबरच होतं म्हणा तिचं. ती कधी चुकायची नाही. तिला कुणी काही सांगितलेलंही चालायचं नाही. तीस वर्षांत तिनं कुणाचं एक ऐकलं नाही."

चहा छान झाला होता. मायक्रॉनबाईनं तो संपवला आणि तिसऱ्या निरोपाकडे वळली. तो जमला तेव्हा तिचा हात कळफलकावर तसाच थांबला.

*मला काढलं. पण मी मागच्या दारानं येत राहीन. पुडीतली बिस्किटं माझी, तेवढीच खा.*

परिचारिकेनं हे लिहिलं असेल, तर ती घरात नसताना लिहिलं होतं.

४

"बोर्ड काढ," तिनं फौजदाराला सांगितलं.

बोर्डाखालची भिंत तिनं मोजली, मग बोर्डाच्या कडेवरचा रंग मोजला.

"बोर्डाखाली घराचे दोन आणि वरचे चार. कडेवर आठ. म्हणजे बोर्ड बसला तेव्हा फक्त चार थर झाले होते. परिचारिका कधी गेली?"

"बोर्डाच्या आदल्या दिवशी. त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी नोकरीला लागली. रोजची हजेरी आहे तिची."

"मग आठ थर कुणाचे? आणि ती इथं होती तेव्हा तिला भिंतीवर लिहायची काय गरज? दिवसभर अक्कापाशीच असायची, कानात सांगितलं असतं." ती थांबली. "लिहिणाऱ्याला अक्का खोलीत नसताना यावं लागायचं. म्हणजे आंघोळीच्या अर्ध्या तासात. आज झाकायचं, उद्या लिहायचं. पहिले काही दिवस परिचारिका अक्काला घेऊन न्हाणीघरात. नंतर वहिनी न्हाणीघरात. भाऊ कामावर."

"उरली धाकटी," फौजदार म्हणाला, आणि लगेच मान हलवली. "ताई, तिचा हात मोडलाय. मी स्वतः रुग्णालयात जाऊन पाहिलं, हाड खरंच मोडलंय. त्या हातानं पेन्सिलही धरता येणार नाही. आठातले चार जाड थर तिनं कसे लावले?"

भाऊनं सुट्टीच्या दिवशी केलं असेल का? वहिनीनं अक्काला न्हाणीघरात एकटं बसवून ठेवलं असेल का? तिघांनी मिळून केलं असेल का? फौजदार सगळ्या शक्यता बोटांवर मोजत होता आणि एकही बोट मिटत नव्हतं. परिचारिका कोठडीतच होती. तिच्या नव्या रुग्णालयानं तिला कामावरून काढल्याचं पत्र पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रॉनबाईनं जाड थरांचे सहा नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. कारखान्यात रंग फवाऱ्यानं देतात. ब्रशनं दिलेला रंग तिनं आजवर मोजलाच नव्हता. तो एकसारखा बसत नाही. ब्रश टेकतो तिथं रंगाचा ढीग, ओढत नेऊन उचलतो तिथं विरळ.

ती पडद्याजवळ गेली. मग खुर्ची ढकलून उठली.

"अरे," तिनं हाक मारली, "ते प्लास्टरच तिला बुडवणार."

५

धाकटीला त्याच खोलीत बोलावलं. भाऊ आणि वहिनीही होते. वहिनी पलंगाकडे पाठ करून उभी होती.

"हे पहिले दोन जाड थर," मायक्रॉनबाई म्हणाली. "प्रत्येक फटकाऱ्यात रंग डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. ब्रश डावीकडे टेकला आणि उजवीकडे ओढला. उजव्या हाताचं माणूस सहसा असंच रंगवतं. आता पुढचे चार. बोर्ड बसल्यानंतरचे. सगळं उलटं. टेकला उजवीकडे, उचलला डावीकडे. इथून पुढे निरोपांची अक्षरंही वेडीवाकडी झाली. फौजदारांना वाटलं, लिहिणारा घाबरलाय. तो घाबरला नव्हता. त्यानं हात बदलला होता."

भाऊ पडद्याशी सरकला.

"दोन माणसं नसतील?" भाऊनं कसंबसं विचारलं.

"जाडी बघा. एकसष्ट, साठ, आणि हात बदलल्यावर बासष्ट, साठ, एकोणसाठ, साठ. ब्रश तेवढाच भरायची, तेवढाच निथळायची सवय, ती हाताबरोबर बदलत नाही. आंघोळीच्या वेळी मोकळं असलेलं, आणि बोर्ड बसल्यावर दोन-तीन दिवसांत उजवा हात गमावलेलं माणूस या घरात एकच आहे."

धाकटीनं प्लास्टरकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"मी तिला हात लावला नाही," ती शांतपणे म्हणाली. "दार उघडं होतं. ताट समोर होतं. मी फक्त लिहिलं. तिनं ऐकायला नको होतं."

"विष कुणी घालत होतं का?" वहिनीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"छे. तुमचं जेवण चांगलं असायचं, वहिनी. पिशवीतलं मी रोज कुत्र्यांना टाकायचे."

वहिनी पहिल्यांदाच पलंगाकडे वळली.

"तिसऱ्या निरोपाला अक्कांनी काय उत्तर दिलं, ते तुम्ही वाचलंत," मायक्रॉनबाई म्हणाली. ती कागद वाचून दाखवणार नव्हती, पण धाकटीच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून तिला राहवेना. "'धाकटीला पण घालत असतील. आधी तिला बाहेर काढा.' हे वाचून तुम्ही त्यावर रंग लावलात."

"हो," धाकटी म्हणाली. "बासष्ट मायक्रॉन. तुम्हीच म्हणालात ना?"

६

वरचा थर सुकायला आणखी नऊ दिवस गेले.

चौथ्या निरोपात लिहिलं होतं, *वहिनीवर विश्वास नको.* पाचव्यात, *गुरुवारी गाडी आणते.* सहाव्यात, *जमलं नाही, पुढचा गुरुवार.* हा सहावा निरोप अक्कांनी चौदा मायक्रॉन रंगानं झाकला होता. काही ठिकाणी रंग पोचलाच नव्हता, नुसते ब्रशाचे केस फिरले होते. आणि त्यावर त्यांचं शेवटचं लिखाण. ओळ खाली खाली घसरत गेलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. मायक्रॉनबाईला ती जुळवायला पूर्ण दिवस लागला.

*फार भूक लागली आहे. एकदाच थोडं खाऊ का?*

तिनं यंत्र बंद केलं. अहवालात तिनं ती ओळ जशीच्या तशी उतरवली, पुढे जाडी लिहिली, सही केली.

खटला वर्षभर चालला. धाकटीच्या वकिलानं उघडं दार आणि भरलेलं ताट पुन्हा पुन्हा पुढे केलं. न्यायाधीशांनी बारा वर्षांची शिक्षा दिली. धाकटी न्यायालयात एक शब्द बोलली नाही. परिचारिका सुटली, पण फोटो छापणाऱ्यांनी सुटल्याची बातमी छापली नाही. ती आता कुठे काम करते ते फौजदारालाही ठाऊक नाही. भाऊनं घर सोडलं. वहिनी म्हणे, कुणी वाढलेल्या ताटाला हात लावण्याआधी स्वतः एक घास खाऊन दाखवते.

एक गोष्ट मात्र मायक्रॉनबाईच्या डोक्यातून जाईना. शेवटच्या दिवशी अक्कांना आंघोळ घातलीच नव्हती. वहिनीच्या जबानीत होतं: सकाळपासून मी तिथंच होते, दहाला पाणी पाजलं तेव्हा जीव होता, हलवण्यासारखी अवस्था नव्हती. बाराला खोलीत गेले तेव्हा सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर पोलीस येईपर्यंत मी उशाशीच होते. ओलाव्यावरून तो शेवटचा जाड थर त्याच दिवशीचा होता, मग तो लावला कधी? दहा ते बाराच्या मधेच. आणि पलंगावरच्या माणसाच्या अंगावरून वाकल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत दोघींच्या मधे जाळी होती. धाकटीचा हात बरा झाला होता. केस तिनं आपले आपण विंचरले होते.

"शेवटच्या दिवशी अक्का पलंगावर होत्या," मायक्रॉनबाई म्हणाली. "जाग्या होत्या?"

"डोळे उघडे होते."

"त्यांनी तुम्हाला पाहिलं. डबा, ब्रश, सगळं."

"पाहावं म्हणूनच गेले होते. नाहीतर थांबले असते ना तासभर."

मायक्रॉनबाई जाळीजवळ सरकली. हेच विचारायला ती आली होती. "मग त्यांनी काय केलं?"

धाकटी पहिल्यांदाच थोडी अडखळली.

"हसली. माझा हात धरला. तिला वाटलं, इतके दिवस तिला वाचवणारी मीच होते."

"आणि तुम्ही?"

"मी आधी रंग लावून संपवला," धाकटी म्हणाली. "मग तिच्या कानाशी वाकले आणि सगळं खरं सांगितलं."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. धाकटी उठली, पहारेकरणीच्या पुढे चालू लागली, आणि जाता जाता, अगदी हलक्या पण सुरेल आवाजात, काहीतरी गुणगुणत गेली.